अश्रुडाग : कुत्र्यांच्या डोळ्यांखालच्या तांबूस ओघळांचा आढावा

पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली उतरणारा तांबूस-तपकिरी पट्टा म्हणजे अश्रुडाग. माल्टीज, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल, पॉमेरेनियन या जातींत तो सर्रास दिसतो. काळ्या कुत्र्याच्या डोळ्यांतूनही तेवढेच पाणी वाहत असू शकते, पण ते केसांच्या रंगात लपून जाते. डाग हा केवळ मागे राहिलेला पुरावा असतो. खरी घटना आहे ती अश्रू नाकात उतरण्याऐवजी गालावर सांडण्याची. पशुवैद्यकात तिला एपिफोरा म्हणतात. डाग घालवण्याचे उपाय बाजारात पुष्कळ मिळतात, परंतु अश्रू का सांडतात हे शोधल्याशिवाय त्यांतल्या कोणत्याही उपायाला फारसा अर्थ उरत नाही.

डोळ्यातून बाहेर पडताना अश्रू रंगहीन असतात. रंग येतो तो नंतर. रक्तातील हिमोग्लोबिनच्या घडणी-मोडणीशी संबंधित अशी पोर्फिरिन नावाची रंगद्रव्ये शरीरातून मुख्यतः पित्त, विष्ठा आणि लघवीवाटे बाहेर टाकली जातात. कुत्र्यांत त्यांचा थोडा अंश अश्रूंत आणि लाळेतही उतरतो. केसांवर साचलेल्या अश्रूंतील पाणी उडून जाते, रंगद्रव्य मागे राहते आणि ऊन व हवा लागल्यावर ते गडद होत जाते. पंजे सतत चाटणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे पंजेही अशाच गंजासारख्या रंगाचे होतात, कारण तिथे लाळ तेच काम करते. डागाचा दुसरा स्रोत त्वचेवर असतो. सतत ओल्या राहणाऱ्या जागी मॅलासेझिया हे यीस्ट आणि काही जिवाणू वाढतात. डाग लालसर-तपकिरी, चिकट आणि आंबूस वासाचा असेल, खालची त्वचा लाल झाली असेल आणि कुत्रे तोंड जमिनीवर किंवा सोफ्यावर घासत असेल, तर केवळ रंगद्रव्याचा नव्हे तर त्वचेच्या संसर्गाचाही संशय घ्यावा लागतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या महिन्यांत हवेतच इतका दमटपणा असतो की चेहऱ्यावरचे केस दिवसभर सुकत नाहीत. अश्रूंचे प्रमाण तेच राहूनही पावसाळ्यात डाग वाढतात, ते यामुळे.

अश्रूंचा नेहमीचा मार्ग समजून घेतला की पुढचे सगळे सोपे होते. डोळ्याच्या वरच्या बाहेरील बाजूला मुख्य अश्रुग्रंथी असते. शिवाय कुत्र्याला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते आणि तिच्या बुडाशी दुसरी अश्रुग्रंथी असते. अश्रूंतील पाण्याचा मोठा वाटा, साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, या दुसऱ्या ग्रंथीकडून येतो. पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथी त्यावर तेलाचा पातळ थर देतात, तर पापणीच्या आतल्या आवरणातील पेशी श्लेष्मा पुरवतात. तेल, पाणी आणि श्लेष्मा यांचे हे आवरण पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर डोळ्यावर पसरते. वापरून झालेले अश्रू आतल्या कोपऱ्याजवळ जमतात. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला एकेक अगदी लहान छिद्र असते. या छिद्रांतून अश्रू बारीक नळ्यांत, तेथून अश्रुपिशवीत आणि मग हाडातून जाणाऱ्या नलिकेने नाकात पोचतात. निचऱ्याचे बरेचसे काम खालचे छिद्र करते. या वाटेवर कुठेही अडथळा आला किंवा वाटेच्या क्षमतेपेक्षा जास्त अश्रू तयार झाले, की ते बाहेर सांडतात. सांडण्याची कारणे या दोन गटांत पडतात, आणि अनेक कुत्र्यांत दोन्ही एकत्र असतात.

निचऱ्यातील दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो. खालच्या पापणीचे छिद्र मुळातच उघडलेले नसणे किंवा त्यावर पातळ पडदा राहणे हे कॉकर स्पॅनियल आणि गोल्डन रिट्रीव्हर यांत विशेष आढळते. पिल्लू आठ-दहा आठवड्यांचे असल्यापासून एक किंवा दोन्ही डोळे वाहत असतात, पण डोळा लाल नसतो, पिल्लू तो मिचकावतही नाही. नंतरच्या वयात नलिका बंद होते ती बहुधा जुनाट संसर्गाने, गवताचे कुसळ आत शिरून बसल्याने, क्वचित गाठीमुळे. अश्रुपिशवीत पू झाला तर आतल्या कोपऱ्याजवळ सूज येते आणि तिथे दाबल्यास पू बाहेर पडतो.

परंतु छोट्या, चपट्या तोंडाच्या जातींत छिद्रे आणि नलिका दोन्ही शाबूत असूनही पाणी वाहते, आणि डागांची बहुसंख्य कुत्री याच प्रकारात मोडतात. या जातींच्या कवटीत डोळ्याची खोबण उथळ असते. डोळा पुढे आलेला असतो आणि पापणी त्यावर ताणून बसते. अश्रू साठायला आतल्या कोपऱ्यात जी तळ्यासारखी जागा हवी, ती उरतच नाही. खालच्या पापणीची आतली कड आत वळलेली असते, त्यामुळे छिद्र दाबले जाते. त्याच कोपऱ्यातल्या मांसल उंचवट्यावर बारीक केस असतात. निरांजनातली वात जसे तेल ओढते तसे हे केस अश्रू ओढून गालावरच्या लवीपर्यंत नेतात. डोळा निरोगी, छिद्र उघडे, नलिका मोकळी, आणि तरीही गाल ओला, याचे उत्तर या एकत्रित रचनेत आहे. ही रचना थेंब किंवा पावडर देऊन बदलत नाही.

दुसरा गट आहे तो डोळ्याला काहीतरी टोचल्याने किंवा दुखल्याने अश्रू जास्त तयार होण्याचा. पापणीच्या कडेतून चुकीच्या दिशेने उगवलेले केस, पापणीच्या आतल्या बाजूने उगवून थेट डोळ्यात घुसणारा एखादा राठ केस, आत वळलेली पापणी, नाकावरच्या घडीतले केस डोळ्याला लागणे ही रोजची कारणे. पगच्या नाकावरची जाड घडी आणि शिह त्झूचे डोळ्यांवर येणारे लांब केस दोन्ही याच कामाचे. ॲलर्जी, डोळे येणे, धूळ, धूर यांनीही पाणी वाढते. डासांच्या कॉइलचा, धूप-अगरबत्तीचा आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर बंद खोलीत साठतो, आणि जमिनीलगत तोंड असलेले छोटे कुत्रे तो तासन्‌तास घेत राहते. तात्पुरत्या वाढीचे आणखी एक निरुपद्रवी कारण म्हणजे दात येणे. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात पडून त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. या काळात पुष्कळ पिल्लांच्या डोळ्यांखाली डाग दिसतात, आणि दात येऊन झाले की ते हळूहळू कमी होतात. या वयात घाईने औषधपाणी करू नये.

काही आजार मात्र अश्रुडागाच्या नावाखाली दुर्लक्षित राहतात. पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर, झालेली जखम हा त्यांतला पहिला. शिह त्झू, पग, पेकिंगीज यांचे डोळे बाहेर आलेले असल्याने त्यांना ही जखम सहज होते, आणि ती दोन-तीन दिवसांतही खोल जाऊन डोळा फुटू शकतो. काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढतो. डोळा लाल व धूसर होतो, कुत्रे मलूल पडते, आणि काही तासांच्या उशिरानेही दृष्टी जाऊ शकते. गोचीड तापात डोळ्याच्या आत दाह होतो. गोचिडांचा प्रादुर्भाव महाराष्ट्रात जवळजवळ बारमाही असल्याने, ताप, भूक मंदावणे किंवा अंगावर रक्ताचे ठिपके यांबरोबर डोळे वाहू लागले तर हा विचार आधी व्हायला हवा. लस न झालेल्या पिल्लाच्या डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पिवळा स्राव येत असेल तर डिस्टेंपरची शंका घेतात. वयस्क कुत्र्याच्या डोळ्याखाली गालावर अचानक गाठ येऊन तिथून पाणी किंवा पू झिरपू लागला, तर दोष बहुधा डोळ्याचा नसून वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाचा असतो. ते डोळ्याच्या थेंबांनी कधीच बरे होत नाही, बहुधा दाढ काढावी लागते.

सर्वांत जास्त फसवणारा आजार म्हणजे कोरडा डोळा. अश्रूंतील पाण्याचा भाग कमी पडला की श्लेष्मा घट्ट होऊन चिकट, पिवळट-हिरवट चिपडे येतात. मालकाला डोळ्यातून फार घाण येताना दिसते आणि तो डोळा पुसत राहतो. प्रत्यक्षात डोळ्यात पाणी नसल्याने पारपटल खरखरीत व तपकिरी होत चाललेले असते. हा आजार बहुधा शरीराची स्वतःची रोगप्रतिकारयंत्रणा अश्रुग्रंथीवर उलटल्याने होतो, आणि पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, कॉकर स्पॅनियल यांत तो वारंवार आढळतो. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही औषधे ग्रंथीला पुन्हा कामाला लावतात. बहुतेक कुत्र्यांना ती आयुष्यभर द्यावी लागतात, पण वेळेवर सुरू केली तर दृष्टी टिकते. पाणचट, पारदर्शक ओघळ आणि घट्ट चिपडे यांतला फरक प्रत्येक पालकाला ओळखता यायला हवा.

तपासणी फार लांबलचक नसते. डोळा आणि पापण्यांच्या कडा भिंगातून पाहिल्या की चुकीचे केस आणि आत वळलेली पापणी दिसते. पुढची चाचणी अश्रूंच्या मोजमापाची. तिला ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याचे नाव असून त्याने ती 1903 मध्ये माणसांसाठी मांडली. खालच्या पापणीत विशिष्ट कागदाची पट्टी एक मिनिट अडकवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते पाहतात. कुत्र्यात 15 किंवा त्याहून जास्त मिलिमीटर ठीक समजतात, 10 पेक्षा कमी असल्यास कोरड्या डोळ्याकडे लक्ष जाते. नंतर डोळ्यात फ्लुरोसीन या रंगाचा थेंब टाकतात. पारपटलाला जखम असेल तर ती निळ्या प्रकाशात चमकदार हिरवी दिसते. त्याच थेंबाने निचऱ्याचीही चाचणी होते. काही मिनिटांत तो हिरवा रंग नाकपुडीशी उतरला तर वाट मोकळी आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत मात्र नलिका अनेकदा नाकाच्या मागच्या भागात उघडते आणि रंग घशात जातो, त्यामुळे नाकपुडीशी तो दिसला नाही म्हणून नलिका बंद आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. अशा वेळी तोंडात, जिभेच्या मागे पाहावे लागते. डोळ्यातील दाब मोजण्याचे उपकरणही महत्त्वाचे असते. साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा ही नेहमीची मर्यादा. ही सगळी तपासणी मिळून अर्ध्या तासाच्या आत होते आणि तिला भूल लागत नाही.

उपचार कारणानुसार ठरतो. बंद छिद्र छोट्या शस्त्रक्रियेने उघडता येते. नलिकेत अडथळा असेल तर बारीक नळीने सलाईन सोडून ती धुतात. संसर्ग असल्यास त्यावरचे प्रतिजैविक काही आठवडे द्यावे लागते. आत वळलेल्या पापणीसाठी त्वचेची पट्टी काढून कड बाहेर वळवतात. चुकीच्या जागी उगवलेला केस उपटला तर तीन-चार आठवड्यांत परत येतो, म्हणून त्याचे मूळ अतिशीत उपचाराने किंवा विजेच्या सुईने नष्ट करतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत पापण्यांमधली फट आतल्या बाजूने लहान करण्याची शस्त्रक्रिया असते. तिच्यामुळे आतले केस दूर होतात, पारपटलही झाकले जाते. डोळ्याला वारंवार जखमा होत असतील तर ती सार्थ ठरते. नुसत्या डागासाठी ती करण्याला समर्थन देता येत नाही.

एक शस्त्रक्रिया मात्र टाळायलाच हवी. अश्रू कमी व्हावेत म्हणून तिसऱ्या पापणीची ग्रंथी कापून टाकण्याची पद्धत पूर्वी होती. आज ती हानिकारक मानली जाते, कारण अश्रूंचा एवढा मोठा वाटा पुरवणारी ग्रंथी गेल्यावर काही वर्षांनी कोरडा डोळा होण्याची शक्यता वाढते. हीच ग्रंथी जागेवरून सरकून आतल्या कोपऱ्यात लाल बोरासारखी दिसू लागते तेव्हा तिला चेरी आय म्हणतात. तीही कापायची नसते, शिवून मूळ जागी बसवायची असते.

तपासणीत कोणताही आजार सापडला नाही आणि दोष केवळ चेहऱ्याच्या घडणीत आहे असे ठरले, की उरते ती रोजची निगा. ही कुत्र्याच्या हयातभर चालणारी गोष्ट आहे आणि तीच सर्वांत जास्त गुण देते. औषधाच्या दुकानात मिळणारे 0.9 टक्के निर्जंतुक सलाईन पुसण्यासाठी उत्तम. ते नसेल तर उकळून कोमट केलेले पाणी चालते. सलाईनमध्ये भिजवलेले गॉझ किंवा मऊ सुती कापड कोपऱ्यावर अर्धा-एक मिनिट नुसते ठेवले की वाळलेला थर सैल होतो. मग डोळ्यापासून दूर, खालच्या दिशेने पुसावे. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा तुकडा घ्यावा. सैल न झालेला थर नखाने ओढून काढू नये, त्याखालची त्वचा सोलवटते. बारीक दातांच्या फणीने तो विंचरून निघतो. पुसल्यानंतर कोरडे करणे हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग आहे. ओल्या कापडाने तीनदा पुसण्यापेक्षा एकदा पुसून नीट कोरडे केलेले बरे. कोरडे झाल्यावर डोळ्यापासून सुरक्षित अंतरावर, पाणी जिथून उतरते त्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावला तर त्वचा भिजत नाही.

डोळ्यांच्या कोपऱ्यातले आणि नाकाच्या कडेचे केस दर तीन-चार आठवड्यांनी कापावेत. त्यासाठी टोके गोल असलेली कात्री हवी आणि कुत्र्याचे डोके दुसऱ्या कोणीतरी स्थिर धरायला हवे. कात्री नेहमी डोळ्याला समांतर राहावी, टोक डोळ्याकडे कधीही नको. जे कुत्रे मान झटकते त्याचे हे काम अनुभवी ग्रूमरकडे द्यावे. इथे एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. केस आखूड कापून मग तसेच वाढू दिले तर त्यांची राठ टोके डोळ्याला टोचतात आणि पाणी उलट वाढते. त्यामुळे केस एकतर अगदी जवळून आणि नियमित कापावेत, नाहीतर लांब वाढवून वर बांधावेत. अधलेमधले राहू देऊ नयेत. पगच्या नाकाच्या घडीत रोज बोट घालून पाहावे. ती ओलसर आणि वासाची असेल तर घडीतही संसर्ग सुरू झालेला असतो.

खाणे आणि पाणी यांविषयी पालकांत जितकी खात्री आढळते तितका पुरावा नाही. बोअरच्या पाण्यातील लोहामुळे डाग पडतात असे बरेच जण सांगतात. पाण्यातले लोह सरळ अश्रूंत उतरते असे मानायला आधार नाही. मात्र लोहयुक्त, गढूळ पाण्यात तोंड बुडवणाऱ्या कुत्र्याच्या हनुवटीचे आणि मिशांचे केस रंगतात, आणि ते डाग वेगळे. स्वच्छ गाळलेले पाणी देणे एरवीही चांगलेच. प्लॅस्टिकच्या भांड्यांना चरे पडतात, त्यांत जिवाणू साठतात आणि काही कुत्र्यांच्या हनुवटीला पुरळ येते. म्हणून स्टीलची भांडी बरी, पण त्यांनी डोळ्याचे पाणी थांबेल अशी अपेक्षा करू नये. अन्नाची खरी ॲलर्जी असलेल्या कुत्र्याचे डोळे खाणे बदलल्यावर सुधारतात, हे खरे आहे. पण अशा कुत्र्याला कान दुखणे, पंजे चाटणे, पोट बिघडणे अशा इतर तक्रारीही असतात, आणि निदानासाठी किमान आठ आठवडे एकच ठरावीक आहार काटेकोर द्यावा लागतो. डाग दिसले म्हणून दर पंधरवड्याला नवा ब्रँड आणण्याने काहीच कळत नाही. धान्यरहित खाद्य डागांवर गुणकारी म्हणून विकले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये काही धान्यरहित खाद्ये आणि कुत्र्यांतील हृदयाच्या स्नायूंचा आजार यांच्यातील संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केली होती. एवढे माहीत असताना केवळ पांढऱ्या गालांसाठी त्या खाद्याकडे वळणे शहाणपणाचे नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न आहे प्रतिजैविकांचा. जेवणावर भुरभुरवायच्या काही पावडरी एकेकाळी अमेरिकेत आणि तिथून जगभर फार लोकप्रिय होत्या, आणि त्यांनी डाग खरोखर कमी होत. त्यांत टायलोसिन हे प्रतिजैविक होते. गुरे, डुकरे, कोंबड्या आणि मधमाश्या यांच्या आजारांसाठी तिथे ते मंजूर आहे. कुत्र्यांसाठी ते मंजूर नव्हते, डागांसाठी तर नाहीच. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पावडरी बनवणाऱ्यांना ताकीद दिली, आणि पुढे अनेक उत्पादनांतून टायलोसिन काढून टाकण्यात आले. कोंबड्यांसाठी विकली जाणारी टायलोसिनची पुडी मात्र आपल्याकडे आजही सहज मिळते, आणि ती चिमूटभर कुत्र्याच्या खाण्यात मिसळण्याचा सल्ला एकमेकांना दिला जातो. हा सल्ला तीन कारणांनी वाईट आहे. औषध बंद केले की डाग परततात, कारण अश्रू सांडणे चालूच असते. म्हणजे ते अखंड द्यावे लागते. थोड्या मात्रेत दीर्घकाळ दिलेले प्रतिजैविक कुत्र्याच्या आतड्यांत प्रतिरोधी जिवाणू घडवते, आणि टायलोसिन ज्या कुळातले आहे त्याच कुळातली एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही औषधे माणसांना लागतात. घरातल्या मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हा धोका दूरचा नाही. तिसरे, चिमटीने घातलेल्या औषधाची मात्रा कोणालाच ठाऊक नसते. टेट्रासायक्लिनचाही याच कामासाठी वापर झालेला आहे, आणि पिल्लांत त्याने वाढत्या दातांवर कायमचा पिवळेपणा येतो. जो दोष कुत्र्याला दुखत नाही, त्याच्या आरोग्याला बाधा आणत नाही आणि फक्त पाहणाऱ्याच्या नजरेला खुपतो, त्यासाठी प्रतिजैविक देणे समर्थनीय नाही.

वरून लावायच्या घरगुती उपायांची यादी मोठी आहे आणि बहुतेक टाकून देण्याजोगी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड केसांचा रंग उडवते, पण थेंबभर डोळ्यात गेले तरी पारपटलाला इजा करते. श्वानप्रदर्शनांसाठी त्यात मक्याचे पीठ मिसळून लेप लावणारे आहेत, आणि तो लेप वाळताना कुत्रे पंजाने ओरबाडून नेमका डोळ्यात नेते. लिंबू आणि व्हिनेगर आम्लाने डोळा भाजतात. बोरिक पावडर पंजावाटे चाटली जाते आणि पोटात गेल्यास विषारी ठरते. तुरटीचे पाणी, हळद, चहाचे पाणी, कच्चे दूध यांनी फायदा तर होत नाहीच, शिवाय हळद आणि चहा स्वतःच डाग पाडतात. बाजारातले गुलाबपाणी निर्जंतुक असल्याची हमी नसते आणि त्यात सुगंधी द्रव्येही मिसळलेली असू शकतात. त्वचेसाठी उपयोगी पडणारे क्लोरहेक्सिडीनचे शाम्पू आणि पुसणी डोळ्याजवळ वापरू नयेत, ते पारपटलाला घातक आहेत. कुत्र्यांसाठीच बनवलेली डोळे पुसायची कापडे वापरायला हरकत नाही, पण सलाईनपेक्षा ती फारसे वेगळे काही करत नाहीत.

त्याहून मोठा धोका औषधांच्या दुकानातून, तपासणीशिवाय आणलेल्या थेंबांचा आहे. डोळे लाल झाले, पाणी येतेय, एवढे सांगितल्यावर पुष्कळदा प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन किंवा दुसरे स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब हाती येतात. स्टेरॉइडने लाली एका दिवसात उतरते आणि औषध लागू पडले असे वाटते. पण पारपटलावर जखम असेल तर स्टेरॉइड तिचे भरून येणे थांबवते, पारपटल विरघळू लागते, आणि आठवड्याच्या आत डोळा काढण्याची वेळ येऊ शकते. फ्लुरोसीनची चाचणी काही मिनिटांची आणि अगदी स्वस्त आहे. ती झाल्याखेरीज कुत्र्याच्या डोळ्यात स्टेरॉइड असलेला थेंब पडता कामा नये. मागच्या वेळचा उरलेला थेंब किंवा घरातल्या माणसाचा थेंब यांनाही हेच लागू आहे.

डोळा अर्धवट मिटलेला असणे, उजेडाकडे पाहू न शकणे, पांढरा भाग लाल होणे, पारपटलावर निळसर-धुरकट छटा येणे, पिवळा-हिरवा स्राव, पंजाने सतत डोळा चोळणे, अथवा आजवर कोरड्या असलेल्या एकाच डोळ्यातून अचानक पाणी येऊ लागणे, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. चपट्या तोंडाच्या कुत्र्याच्या बाबतीत उद्यापर्यंत थांबणे महागात पडते. मुंबईत परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. नागपूर आणि शिरवळ येथेही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि जवळच्या दवाखान्यात डोळ्याची साधने नसतील तेव्हा त्यांच्या रुग्णालयांचा आधार घेता येतो.

योग्य निगा सुरू झाल्यावरही आधीच रंगलेला केस पांढरा होत नाही. तो कापून किंवा झडूनच जातो, आणि नवा केस स्वच्छ येतो की नाही यावरून उपाय लागू पडला का ते कळते. त्याला दोन-तीन महिने लागतात. महिन्यातून एकदा, एकाच जागी, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो ठेवला तर फरक नीट दिसतो. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो जाणवत नाही. पूर्ण पांढरे गाल हे ध्येय अनेक कुत्र्यांत गाठता येणारच नाही. कोरडी, न सुजलेली, वास नसलेली त्वचा आणि आरामात उघडा राहणारा डोळा एवढे साधले तर निगा यशस्वी झाली असे समजावे.

या प्रश्नाचे मूळ शेवटी प्रजननात आहे. कारवानी आणि पश्मी ही सोलापूर, सांगली, लातूर परिसरातली लांब तोंडाची कुत्री किंवा गल्लीतले साधे गावठी कुत्रे यांच्यात खोबण खोल, नाक लांब आणि चेहऱ्यावरचे केस आखूड असल्याने अश्रुडाग विरळा. चपटे तोंड आणि मोठे, गोल, बाहेर आलेले डोळे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले, कारण तो चेहरा लहान मुलासारखा वाटतो. 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसू लागला आणि भारतात त्याची मागणी एकदम वाढली. त्यानंतर शिह त्झूची लाट आली. मागणी वाढली की डोळे, श्वास, दात यांचा विचार न करता जोड्या लावल्या जातात. नेदरलँड्सने 2019 पासून कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड नाक असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीला मनाई करणारे निकष लागू केले. भारतात 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी पैदासकारांना नोंदणी बंधनकारक केली आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई केली. डोळ्यांच्या घडणीविषयी मात्र आपल्याकडे खरेदीदाराखेरीज कोणी अट घालत नाही. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागावा, पिल्लाची आई आणि शक्य असल्यास बाप प्रत्यक्ष पाहावा, आणि त्यांचे डोळे वाहत असतील, पापण्या आत वळलेल्या असतील किंवा नाक जवळजवळ नसेलच, तर ते पिल्लू कितीही गोंडस असले तरी घेऊ नये.